आधी टिप, मग इअरफोन: खर्ज ऐकणाऱ्यांसाठी

माझा डावा कान मध्यम आहे आणि उजवा मोठा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण इअरफोनच्या टोकाला जी रबरी टोपी असते, जिला सगळे टिप म्हणतात, ती मला डावीकडे मध्यम मापाची लागते आणि उजवीकडे एक माप मोठी. हे कळायला मला अकरा वर्षं लागली. तोवर डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाता-येता मी गुरुजींच्या तालमीची रेकॉर्डिंगं ऐकत होते आणि घेतलेला प्रत्येक इअरफोन उजवीकडून पातळ वाजतो म्हणून हळहळत होते. तीन इअरफोन खराब समजून घरात देऊन टाकले. त्यातले निदान दोन उत्तम होते, हे आता मला माहीत आहे.

संध्याकाळी माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, ‘ताई, कोणता इअरफोन घेऊ?’ मी आधी त्यांना विचारते, तुला कोणत्या मापाची टिप बसते? बहुतेकींना ते माहीतच नसतं. खोक्यातून निघताना जी टिप लावलेली होती तीच वर्षभर लावलेली असते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. कानात बसणारा इअरफोन या नळीचं तोंड बंद करतो आणि आतल्या चिमूटभर हवेला दाबतो, सोडतो. बंद जागेतली हवा हलवायला फार जोर लागत नाही, म्हणूनच दहा मिलिमीटरची इवलीशी चकती पखवाजाची थाप ऐकवू शकते. पण टिप आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली, की दाब तिथून निसटतो. आणि निसटतात ते नेमके खालचे स्वर. वरचे स्वर तसेच राहतात, त्यामुळे इअरफोन वाजतोय असं वाटतं, फक्त कोरडा, टोचरा आणि पत्र्यासारखा. दुकानात ‘याला बास नाही’ म्हणून नाकारलेले कितीतरी इअरफोन खरं तर नीट बसलेलेच नसतात.

खर्जाची परीक्षा

ही परीक्षा मी तानपुऱ्यावर करते. गुरुजी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गायचे. त्या पट्टीत जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा १३९ हर्ट्झच्या आसपास लागतात आणि चौथी, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. माझी स्वतःची पट्टी काळी चार. तिचा खर्ज १०४ हर्ट्झवर असतो, म्हणून परीक्षेसाठी तो तितका कडक नाही. तुम्ही कोणत्याही पट्टीत गात असा, फोनवरच्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये काळी एक लावा आणि पुरुषी तानपुरा निवडा.

इथे एक फसगत होते, ती समजून घ्या. खर्ज ऐकू येतो का, एवढंच विचारलंत तर उत्तर नेहमी ‘हो’ येईल. फोनच्या स्पीकरवर तानपुरा लावला तरी खर्ज आहे असंच वाटतं, आणि त्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळपास बाहेर पडतच नाही. तारेच्या एका छेडीतून १३९, २०८, २७७ असे उपस्वर उठतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू मूळ स्वर ओळखून काढतो. नसलेला स्वरही आपण ऐकतो. म्हणून खर्ज ‘येतो का’ हे न विचारता, तो भरलेला आहे का हे पाहायचं. तानपुरा चालू असताना दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर खर्ज फुलून आला आणि सोडल्यावर पुन्हा बसला, तर फट आहे. दाबून काहीच फरक पडला नाही, तर टिप नीट बसली आहे. इतकं सोपं आहे हे.

दोन्ही कानांची तुलना करायला जुनी मोनो रेकॉर्डिंगं कामी येतात. मोनोमध्ये दोन्ही कानांना अगदी तेच जातं, त्यामुळे आवाज डोक्याच्या मधोमध, नाकाच्या रेषेत उभा राहायला हवा. एका बाजूला कलत असेल तर दुसऱ्या बाजूची टिप बदला. मोनो रेकॉर्डिंग हाताशी नसेल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओची कळ असते, ती तेवढ्यापुरती चालू करा. टिपा बदलूनही कल गेला नाही, तर क्षणभर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात धरून पाहा. कल इअरफोनबरोबर बाजू बदलून गेला तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानाकडे राहिला तर कानाचा किंवा बसण्याचा. माझी अकरा वर्षं या एका चाचणीने वाचली असती.

कानात घालायची पद्धत

सरळ ढकलला की इअरफोन बसत नाही, कारण कानाची नळी सरळ नसते, तिला वळण असतं. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून घेऊन कानाची वरची पाळ वर आणि थोडी मागे ओढा, तोंड किंचित उघडा आणि इअरफोन हलका पिळत आत घाला. मग कान सोडा आणि तोंड मिटा. आजूबाजूचा पंखा किंवा रस्त्याचा आवाज एकदम मागे सरकला पाहिजे.

मापाबद्दल सांगायचं तर, मोठी टिप घेण्याची भीती बाळगू नका. लहान टिप आरामदायक वाटते, पण ती आत खोल सरकते आणि तरीही कडेने गळते. अर्ध्या तासाने कान दुखला तरच माप कमी करा. दोन मापांच्या मधला कान असेल तर टिपेचा आकार बदलून पाहा: गोल घुमटासारखी, लांबट निमुळती, रुंद तोंडाची. रुंद तोंडाच्या टिपेने वरचे स्वर सहसा मोकळे येतात, अरुंद तोंडाच्या टिपेने ते थोडे दबतात. फोमची टिप बोटांनी चुरगाळून बारीक करायची, कानात घालायची आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायची. ती जवळपास कुठल्याही कानात बसते आणि बाहेरचा आवाज छान अडवते, पण टोचरेपणाबरोबर तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, थोडी मऊ करते, आणि काही महिन्यांत कडक होऊन फेकावी लागते. मी गाडीत फोम वापरते आणि घरी सिलिकॉन.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. नवा इअरफोन घेण्याआधी दोन-तीनशे रुपयांचं वेगवेगळ्या मापांच्या सिलिकॉन टिपांचं पाकीट घ्या, ती तुमच्या आत्ताच्या इअरफोनवर लावा आणि आठवडाभर खर्ज ऐका. घेताना एवढंच बघा, की इअरफोनच्या पुढच्या नळीची जाडी आणि टिपेचं भोक जुळतंय. बहुतेकांची नळी पाच-सहा मिलिमीटरची असते. शूअर आणि एटिमोटिक या कंपन्यांची नळी मात्र बरीच बारीक असते, तिला वेगळ्या टिपा लागतात. तीच बारीक नळी अरुंद कानाच्या माणसांना मात्र वरदान ठरते. माझ्या एका विद्यार्थिनीला कुठलाही इअरफोन दहा मिनिटांवर सहन होत नव्हता, तिला बारीक नळीचा इअरफोन दिवसभर चालतो.

नळीनंतर कवच. कानाच्या भोकाबाहेर जी वाटीसारखी जागा असते, तिथे कवच टेकतं. ज्यांत चार-सहा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवले भाग, कोंबलेले असतात त्या इअरफोनचं कवच मोठं असतं, आणि लहान कानात ते टिपेला बाहेर ढकलतं. अशा वेळी टिप कितीही चांगली असो, फट पडतेच. खरेदीआधी कुणीतरी ते घातलेला फोटो शोधा आणि कवच वाटीत मावतंय की बाहेर लोंबतंय ते पाहा.

वायर कानावरून मागे घेऊन घालायचा प्रकार सुरुवातीला अवघड वाटतो. ही पद्धत रंगमंचावरच्या कलाकारांच्या मॉनिटरवरून, म्हणजे गाता-वाजवताना स्वतःला ऐकायच्या इअरफोनवरून, आली. जेरी हार्वी हा ध्वनितंत्रज्ञ व्हॅन हेलन या रॉक बँडबरोबर काम करत होता, आणि त्या बँडच्या ड्रमरसाठी त्याने असे मॉनिटर बनवले. त्यातूनच १९९५ साली अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. कानावरून घेतलेल्या वायरचा साडीच्या पदराला किंवा ओढणीला घासून होणारा खरखराट कानापर्यंत फारसा पोचत नाही. शांत आलाप ऐकताना तो फरक चांगलाच जाणवतो.

आवाज कसा पारखायचा

टिप बसल्यानंतरच हा विषय. बाहेरून येणारा आवाज कानाची पाळी, वाटी आणि नळी यांतून जाताना ३,००० हर्ट्झच्या आसपास आपोआप वाढतो. इअरफोन या सगळ्याला ओलांडून थेट नळीत बसतो, त्यामुळे बनवणाऱ्याला ती वाढ स्वतः परत घालावी लागते. कमी घातली तर गायिका पडद्याआड बसून गातेय असं वाटतं. जास्त घातली तर हार्मोनियम किंचाळते आणि तार सप्तकातला आकार कपाळात जातो. इअरफोन-इअरफोनमधला बराचसा फरक याच एका जागी असतो.

मी तीन गोष्टी ऐकते. पहिली, खर्जातून उठणारा गंधार. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणजे स्वयंभू गंधार, काळी एकच्या खर्जाचा ३४६ हर्ट्झला. इअरफोनचा बास फुगवलेला असेल तर खर्ज गडगडतो, पण हा गंधार त्याखाली बुडून जातो. खर्ज आणि गंधार दोन्ही एकाच वेळी मिळाले पाहिजेत. दुसरी, तबला. डग्ग्यावरची मींड वर चढताना तिचा आकार कळला पाहिजे, नुसता धप्प आवाज नको. आणि चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, ‘ना’ वाजून लगेच मोकळा झाला पाहिजे. तिसरी, शब्द. आपल्या भाषेत स, च, ज यांची रेलचेल आहे. एखादं भावगीत लावा. प्रत्येक ‘स’ला सुरी लागल्यासारखं वाटलं तर तो इअरफोन तासभर ऐकवणार नाही, दुकानात कितीही चकचकीत वाटला तरी.

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ साली सुरू झालं. त्याआधी गायक भोंग्यासमोर गात, आणि त्या तबकड्यांवर वरचे स्वर मुळातच फार थोडे उतरले आहेत. ७८ आरपीएमच्या तबकड्या तेजस्वी, म्हणजे वरचे स्वर पुढे आणणाऱ्या, इअरफोनवर ऐकल्या तर संगीत वाढत नाही, फक्त खरखर वाढते. तुमचं अर्धं ऐकणं अशा संग्रहातलं असेल तर थोडा मवाळ इअरफोन घ्या, आणि त्याबद्दल कुणी काही म्हटलं तर मनावर घेऊ नका.

खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या आकड्याने काही कळत नाही, तो जवळपास सगळ्यांवर असतो. ड्रायव्हर किती आहेत यानेही नाही. एकच नीट जुळवलेला डायनॅमिक, म्हणजे चकतीवाला, ड्रायव्हर मला घाईने जुळवलेल्या पाच ड्रायव्हरांपेक्षा प्रिय आहे. एक मात्र खरं, की श्रवणयंत्रांतून आलेले बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर तपशील फार बारकाईने दाखवतात. १९९१ साली आलेला एटिमोटिकचा ईआर-४ त्याच जातीचा. पण बासाचा थेट दणका हवा असेल तर डायनॅमिकच घ्या.

वायर की ब्लूटूथ

रियाज आणि ऐकणं यासाठी मी वायरवालाच सुचवते. ब्लूटूथ इअरबडमधली बॅटरी इवलीशी असते, दोन-तीन वर्षांत तिचा जीव कमी होतो आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. वायरवाल्यात बहुधा वायरच आधी तुटते, म्हणून सुटी होणारी वायर असलेला घ्या. तिचा सांधा दोन पिनांचा ०.७८ मिलिमीटरचा आहे की गोल एमएमसीएक्स, हे लिहून ठेवा म्हणजे बदली वायर घेताना चुकणार नाही.

ऑनलाइन क्लास करणाऱ्यांनी तर हे नक्की वाचा. ब्लूटूथ इअरबडचा माइक चालू झाला, की साध्या जोडणीत तो फोन कॉलच्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचा दर्जा झटकन खाली येतो. गुरूंचा तानपुरा टेलिफोनवरून ऐकल्यासारखा होतो आणि शिष्याला वाटतं नेट खराब आहे. वायरचा इअरफोन आणि फोनचा स्वतःचा माइक, एवढ्याने फरक पडतो. झूम वापरत असाल तर त्यात ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर ते तानपुऱ्यालाच गोंगाट समजून पुसत राहतं.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल लागेल. काही स्वस्त डोंगल नुसत्या तारा जोडतात, आत आवाजाची चिप नसते, आणि ते कित्येक फोनवर वाजतच नाहीत. ‘डॅक’, म्हणजे ती चिप, असं लिहिलेलं घ्या.

ब्लूटूथच हवा असेल तर कोडेकच्या, म्हणजे आवाज आवळून पाठवायच्या पद्धतींच्या, नावांत अडकू नका. आयफोन एएसी वापरतो, एलडॅक नाहीच. तुमच्याकडे आयफोन असेल तर एलडॅकसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. बाहेरचा आवाज पुसणारी सोय गाडीच्या घरघरीवर, पंख्यावर, एसीवर चांगली चालते. माणसांच्या बोलण्यावर कमी. आणि तिथेही टिप गळत असेल तर तीही नीट चालत नाही.

गाताना मात्र एक कान मोकळा ठेवा. दोन्ही कान बंद करून गायलं की हाडांतून येणारा आपलाच आवाज कानात कोंडतो आणि घुमतो, मग सूर कुठे लागतोय याचा अंदाज जातो. शिवाय आकारासाठी जबडा उघडला की नळीचा आकार बदलतो आणि टिप सुटते. मी डाव्या कानात तानपुरा ठेवते, उजवा उघडा.

पैसे आणि दुकान

माझं स्पष्ट मत आहे की पहिला चांगला इअरफोन दोन हजार रुपयांच्या आसपासचा वायरवाला असावा. मूनड्रॉप चू २ आणि ७हर्ट्झ झीरो २ हे दोन मी मुलींना सुचवते. लहान कानाला चू, आणि खर्ज थोडा भरदार हवा असेल तर झीरो २. त्यानंतर पाच-सहा हजारांपर्यंत फरक कळतो, पण पहिल्या पायरीएवढा नाही. वीस हजारांच्या वर जायचं असेल तर तो इअरफोन स्वतःच्या कानात, स्वतःच्या टिपा लावून, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय घेऊ नका. पैसे वाचवून ठेवा. त्यात छान तानपुरा दुरुस्त होतो.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर बऱ्याच दुकानांत पाकीट फोडून कानात घालू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, ती कानात घालायची वस्तू आहे. डेमोचा सेट असेल तर आपल्या टिपा खिशातून काढा आणि त्याच लावा. ऑनलाइन घेताना उघडलेला इअरफोन परत घेतात का, हे पैसे भरण्याआधी वाचा. मला एकदा एका विक्रेत्याने नामांकित कंपनीचा म्हणून नकली इअरफोन पाठवला होता. खोका हुबेहूब, पण वॉरंटीसाठी अनुक्रमांक टाकायला गेले तर तो अस्तित्वातच नव्हता. बिल नव्हतं, म्हणून काही करताही आलं नाही. जीएसटीचं बिल घ्या.

आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकलं तर चालतं. ९० डेसिबलवर तेच फक्त ४ तास होतात. लोकलच्या खडखडाटात ढिल्या टिपांवर गाणं ऐकू यावं म्हणून आपण नकळत तिथपर्यंत जातो. चांगली बसलेली टिप बाहेरचा आवाज अडवते आणि कळ खाली आणता येते. गाणाऱ्या माणसाचा कान गेला तर मागे काही उरत नाही, म्हणून मी हे प्रत्येकीला बजावते. आणि फलाटावर, रूळ ओलांडायच्या पुलाजवळ, रस्त्यावर दोन्ही इअरफोन काढून पिशवीत. तिथे एक कानही नको.

निगा थोडक्यात. आठवड्यातून एकदा टिपा काढून कोमट साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून मगच लावा. जाळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने झटका, तिच्यावर पाणी किंवा सॅनिटायझर सोडू नका. पावसाळ्यात डबीत सिलिकाची पुडी ठेवा. आणि महिन्यातून एकदा ती मोनोची परीक्षा पुन्हा करा. आवाज हळूहळू एका बाजूला कलत असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूच्या जाळीत मळ अडकलेला असतो. जाळी साफ करूनही कल तसाच राहिला, इअरफोनची अदलाबदल करूनही तो त्याच कानाकडे राहिला, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.